कच्च्या कामाची जागा

गणिताच्या वहीत पानाच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारायची आणि रेघेच्या पलीकडे कच्चं काम करायचं, हे सगळ्याच शाळांत शिकवतात. हातचे, वजाबाक्या, खाडाखोड, सगळी झटापट तिकडे. इकडे मात्र उत्तर कसं स्वच्छ, जणू काही आपसूकच सुचलं. शिसपेनबाईंच्या वर्गात त्या जागेचा आणखी एक उपयोग होता. वर्षाच्या पहिल्या दिवशी बाई फळ्यावर तशी रेघ ओढत आणि म्हणत, "रेघेच्या अलीकडे तुम्ही मला गणित सांगायचं. पलीकडे काय वाटेल ते. पोट दुखतंय, शेजारचा चिमटे काढतो, बाईंचं शिकवणं डोक्यावरून गेलं, काहीही. मी वाचते. कुणाला सांगत नाही. आणि उत्तर शिसपेनीनं लिहिते, म्हणजे घरी दाखवायचं नसेल तर खोडून टाकता येईल."

पहिला आठवडा कुणी काही लिहीत नसे. पोरं म्हणजे पोरं, ती मोठ्या माणसांच्या बोलण्यावर इतक्या लवकर विश्वास ठेवत नाहीत आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं. मग एखादा धीट गडी लिही, 'बाई, तुमच्या पाठीला खडू लागलाय.' त्याखाली बारीक अक्षरात उत्तर येई, 'झटकला. आभार. तिसरं उदाहरण मात्र चुकलंय, ते कोण झटकणार?' ती वही वर्गभर फिरे आणि पुढच्या आठवड्यापासून रेघेच्या पलीकडे गर्दी होई. बाबा बोलत नाहीत. दात हलतोय. मला नापास केलंत तरी चालेल पण ताईच्या वर्गात बसवू नका. एकाने तर वर्षभर रोज एवढंच लिहिलं, 'बाई, मी आलो होतो.' बाई प्रत्येक ओळीखाली लिहीत, 'पाहिलं.'

शिसपेनबाई हे नाव पोरांनीच ठेवलेलं. उजव्या कानावर शिसपेन, हातात लाल पेन. लाल शाई गणितासाठी, शिसपेन पलीकडच्यासाठी. लाल शाईने रेघ ओलांडायची नाही आणि शिसपेनीने अलीकडे यायचं नाही, हा बाईंचा नियम होता. दुसरा नियम असा की दिवसाला पंधराच वह्या, त्याहून एक जास्त नाही. "पंधरानंतर डोळे वाचतात, मी वाचत नाही," असं त्या शिक्षकांच्या खोलीत सांगत. चित्रकलेचे मास्तर चेष्टेनं म्हणत, "बाई, मला बरं, पोरं माझ्याकडे फक्त डोंगर काढतात. डोंगराला उत्तर द्यावं लागत नाही."

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी ते पात्याने दोन शिसपेनींना टोक काढून ठेवत, सुईसारखं, आणि रोज एकच टोमणा मारत, "घरात विचारलेल्याला हूं नाही की चूं नाही, आणि शाळेत शिसपेनी झिजवतेस." बाई खरंच हूं की चूं न करता शिसपेन कानावर खोचून चालू लागत. छत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

नोकरीचे शेवटचे दोन महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. आठवीचा वर्ग बाईंकडे होता. एका दुपारी मधल्या सुट्टीत एक बाई शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. छत्तीस-सदतीसची असेल. हातात अर्ज. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याच्या चकचकीत खुणा.

"कारकुनांनी पाठवलंय," ती म्हणाली. "दाखला काढायचाय लेकीचा. म्हणाले, आधी वर्गशिक्षिकेची सही आणा." मग हसली. "ओळखलंत का, बाई?"

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. चेहरा काही लागेना. मग तिने उभं राहताना डावा पाय उजव्यावर टेकवला आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मूळसंख्या!"

ही जेव्हा आठवीत होती तेव्हा बाकावर एकटी बसायची. कुणाची मदत घ्यायची नाही, कुणाला उत्तर बघू द्यायची नाही. बाई म्हणाल्या होत्या, ही मूळसंख्या आहे, हिला दुसऱ्या कुणानं भाग जायचा नाही. तिला ते नाव मानाचं वाटलं होतं. बाईंच्या सगळ्या कारकिर्दीत गणिताचं एवढं डोकं असलेली पोरं चार-पाच झाली असतील, त्यातली ती एक. मग वर्षाच्या मध्यातच एका सोमवारी ती आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, बापाने नाव काढलं. तेव्हा तिचा वर्ग बाईंकडे नव्हता, नुसतं गणित होतं. बाईंना त्या गोष्टीचं फार लागलं होतं. पोरगी जाताना एक ओळ लिहून गेली नाही, ही अढी त्यांनी बरीच वर्षं मनात धरली होती.

"अगं, म्हणजे तिसऱ्या बाकावरची ती तुझी? मला बोलली नाही कधी!"

"मीच सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून. ओळखीवर गुण नकोत." ती स्टुलावर टेकली. "इस्त्रीचं दुकान आहे आमचं, बाई. बाबांचंच, आता मी बघते. हे कपडे आणणं-पोचवणं करतात. दीड महिन्यापूर्वी सासूबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं. उठणं नाही, बसणं नाही. घरात कुणीतरी हवं."

बाईंना हे थोडं ठाऊक होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने रेघेपलीकडे लिहिलं होतं, 'आजी पडली.' मग, 'झोपूनच आहे.' मग, 'मीच भरवते.' बाईंनी प्रत्येक वेळी विचारपूस केली होती. पण गोष्ट दाखल्यापर्यंत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पण तिला डोकं आहे गं."

"मलाही होतं की, बाई." आवाजात कडवटपणा मुळीच नव्हता, ऊन पडलंय असं सांगावं तसं ती सांगत होती. "तुम्हीच सांगितलंत ना तेव्हा, सोड म्हणून. सोडली. काय वाईट झालं? दोन भाऊ शिकले, मार्गाला लागले. दुकान टिकलं."

"मी? मी कधी सांगितलं?"

तिने पिशवीतून एक पांढरा रुमाल काढला. कडक इस्त्रीचा, चारी कोपरे मोजून घातलेली घडी. आत गणिताची वही होती. पानं पिवळी पडली होती, पण एकही कोपरा दुमडलेला नव्हता. "पोरगी दोन दिवस रडतेय. काल तिला हे दाखवलं, म्हटलं बघ, बाईंच्या हातचं आहे. तरी ऐकेना. म्हणून आणलंय. तुम्ही तिला एकदा तोंडानं सांगा, मग ऐकेल."

तिने नेमकं पान उघडलं. डावीकडे पाच उदाहरणं, पाचही बरोबर. उजवीकडे रेघेच्या पलीकडे, अगदी खाली, लहान गोल अक्षरात लिहिलं होतं, 'बाई, आई गेल्यापासून दुकानात माणूस नाही. बाबा म्हणतात शाळा सोड. सोडू का? तुम्ही सांगाल तेच करीन.'

त्याच्याखाली लाल शाईत होतं, 'ठीक.' आणि बाईंची सही.

"लाल शाईत लिहिलंत, तेव्हाच समजले मी," ती म्हणाली. "शिसपेनीचं खोडता येतं. हे पक्कं. नंतर कधी जड गेलं ना, तर हे पान उघडायचे. बाईंनी विचार करूनच सांगितलं असणार, म्हणायचे, आणि लागायचे कामाला."

लाल शाईने रेघ ओलांडली होती. जे वाचलं त्याला बाईंनी छत्तीस वर्षांत कधी लाल शाईने उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे हे त्यांनी वाचलंच नव्हतं.

घंटा झाली. बाई कशाबशा म्हणाल्या, "अर्ज ठेव माझ्याकडे. उद्या बोलू." ती वही पुन्हा रुमालात घडी घालून घेऊन गेली. जाताना वाकून नमस्कार केला, आणि तो घेताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे दोन तास बाईंनी काय शिकवलं ते त्यांना सांगता आलं नसतं. सगळं हळूहळू आठवत गेलं. शाळातपासणी होती ती. तपासनीस साहेब एक दिवस आधीच येणार असं सकाळी कळलं आणि त्या वेळचे मुख्याध्यापक धावत सुटले, चारच्या आत सगळ्या वर्गांच्या वह्या तपासून कपाटात हव्यात. बाईंकडे तीन वर्गांच्या एकशे अडतीस वह्या. दोन रिकामे तास. पंधराचा नियम त्यांनी त्या दिवशी गुंडाळून ठेवला. शेवटचं पान उघड, 'ठीक' लिही, सही कर, पुढची वही. शिसपेन कानावरच राहिली. दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं, 'गणिताच्या वह्या नियमित व काळजीपूर्वक तपासल्या जातात.' बाईंना ते वाक्य पाठ होतं. कधीमधी नव्या शिक्षकांना त्या ते ऐकवतही असत. ते आठवून त्यांचे कान तापले.

शाळा सुटताना त्यांनी आठवीच्या गठ्ठ्यातून तिसऱ्या बाकावरची वही ओढून काढली. कच्च्या कामाच्या जागेत एकच ओळ होती. 'बाई, आई फक्त तुमचं ऐकते.'

त्याला शिसपेनीने काय लिहायचं? बाईंनी वही मिटली आणि पिशवीत घातली.

घरी गेल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडून बसले होते. डोळ्यावरचं भिंग न काढता त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगणार आहेस तिला?"

"पोरीचं नाव काढतायत, अहो. माझ्या त्या एका शब्दावर."

"मग पोरीपुरतं सांग. काळ बदललाय म्हण. आता आठवीवर कुणी विचारत नाही म्हण. जुनं कशाला उकरतेस?" त्यांनी भिंग काढलं. "ती बावीस वर्षं त्या एका कागदावर उभी आहे. तो काढून घेतलास तर तिच्या पायाखाली काय राहील?"

हे म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि त्यात बाईंची सोयही होती. म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटली. पण रात्रभर विचार करून त्यांनी तेच ठरवलं. काळ बदललाय असं सांगायचं. पोरगीही वाचेल आणि आईचा आधारही राहील. माणूस स्वतःला वाचवायला निघालं की त्याला अशी दोन्हीकडे बसणारी उत्तरं सापडतात.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत बोलावण्याऐवजी बाईच शाळा सुटल्यावर दुकानात गेल्या. दोन दुकानांच्या मधली चिंचोळी जागा. लांब टेबलावर घोंगडीचे दोन थर, वर पांढरी चादर, आणि चादरीवर इस्त्री टेकवून टेकवून पडलेला तपकिरी डाग. भिंतीच्या फळीवर गठ्ठे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेला आकड्याचा कपटा. मागे पडदा. पडद्यामागून वाटी-चमच्याचा आवाज येत होता आणि मध्येच एक म्हातारा आवाज, "पुरे गं आता."

"बाई! तुम्ही कशाला आलात, मी आले असते की." तिने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. "बसा. एवढा शर्ट होऊ दे, पाणी मारून ठेवलंय, वाळलं तर पुन्हा मारावं लागेल."

तिचा हात बघण्यासारखा होता. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. कुठे थांबणं नाही की मागे जाणं नाही. वहीत ती गणित जसं सोडवायची तसंच. बाईंनी सुरुवात केली.

"तुझ्या लेकीबद्दल बोलायचं होतं. हे बघ, तुझी गोष्ट वेगळी होती..."

"काळ बदललाय असं नका म्हणू, बाई." ती इस्त्री फिरवत हसली. "ते सगळेच म्हणतात. शेजारचे म्हणतात, गिऱ्हाईकं म्हणतात. त्यांना काय ठाऊक घरातलं? तुमचं तसं नाही. तुम्ही तेव्हा माझा सगळा विचार करून सांगितलं होतंत, तसं आता हिचा करून सांगा. ठेव म्हणालात तर ठेवीन. काढ म्हणालात तर काढीन. पण तेव्हासारखं खरं सांगा."

बाईंनी जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच संपली. तेव्हासारखं खरं. त्या खुर्चीत सरसावून बसल्या, मग उठून उभ्याच राहिल्या.

"मी ते वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझी ओळ. मी वाचलीच नव्हती. तपासणी होती. एकशे अडतीस वह्यांवर मी तो शब्द लिहिला, न बघता. तुला शाळा सोड असं मी सांगितलं नाही. तू विचारलंस हेच मला काल कळलं."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. शर्टाची एक बाही व्हायची राहिली होती. पडद्यामागे लेक आजीला भरवत होती, तो वाटी-चमच्याचा आवाज थांबला होता.

"म्हणजे मला कुणी सांगितलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मी उगीचच..." तिने वाक्य सोडून दिलं. बाहीची सुरकुती ती बोटाने सरळ करत राहिली. "वाचलं असतंत तर काय लिहिलं असतंत, बाई?"

बाईंना इथे खोटं बोलता आलं असतं. कुणी पकडलं नसतं. "नको असं लिहिलं असतं. आणि त्याच दिवशी तुझ्या बाबांना भेटायला आले असते."

ती मान हलवत राहिली. "आला असतात तर त्यांनी ऐकलं असतं. फार मानायचे ते शाळेच्या माणसांना. शाळेचं कुणी रस्त्यात दिसलं तरी हातातली विडी मागे लपवायचे." तिचे डोळे कोरडेच होते, पण आवाज बदलला होता. "आठवडाभर वाट बघितली होती मी तुमच्या उत्तराची. वह्या कपाटात होत्या ना."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "चुकलं म्हणून काही भरून येत नाही, मला कळतंय. पण चुकलं."

"अर्ज फाडून टाका, बाई. पोरगी येईल शाळेत." तिने पाण्याची बाटली उचलून वाळत आलेल्या बाहीवर पाणी मारलं. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "तुम्ही या आता."

एवढं होऊनही ती 'जा' म्हणाली नाही, 'या' म्हणाली. बाई फुटपाथवर आल्या आणि तिथे, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता रडल्या.

पोरीचं नाव राहिलं. आजीची खाट पडद्यामागून पुढे दुकानातच, टेबलाच्या कडेला आली. इस्त्री करता करता सासूला पाणी पाजायचं, असं तिने बसवलं. पोरगी मधल्या सुट्टीत पळत जाऊन भरवून येई आणि कधी पाच मिनिटं उशिरा वर्गात शिरे, तेव्हा बाई फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत राहत. मुलीने कच्च्या कामाच्या जागेत त्या दिवसाबद्दल काही लिहिलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

दहा-बारा दिवसांनी ती तास संपल्यावर टेबलापाशी आली. हातात पांढरा रुमाल, तीच घडी.

"आईनं दिलंय. म्हणाली, राहिलेलं वाचायला सांग."

राहिलेलं म्हणजे काय ते बाईंना आधी समजेना. घरी येऊन त्यांनी वही उघडली. लाल 'ठीक' असलेलं पान उलटलं. त्यांना वाटलं होतं पुढची पानं कोरी असतील. ती कोरी नव्हती. शाळा सोडल्यावर पोरगी घरी बसून पुस्तकातली उदाहरणं सोडवत राहिली होती. उभी रेघ मारलेली, क्रमांक घातलेले, धडा संपला की खाली दोन रेघा. आणि रेघेच्या पलीकडे, जिथे आता कुणी उत्तर देणार नव्हतं तिथे, ती बाईंना लिहीत राहिली होती.

'बाई, आज कॉलर जमली. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. क्रम चुकला की सगळं परत.'

'सातवं उदाहरण अडलंय. भावाला विचारलं, त्याला येत नाही.'

'हात भाजला. डावा आहे, म्हणून लिहिता येतंय.'

'आपल्या वर्गातल्या मुली गणवेश टाकायला आल्या होत्या. मी पडद्यामागे गेले.'

'सातवं सुटलं!'

'तुम्ही ठीक म्हणालात म्हणून मी रडत नाही.'

अशी एकोणीस पानं होती. शेवटच्या पानावर पुस्तकातलं शेवटचं उदाहरण, बरोबर सोडवलेलं, आणि शेजारी, 'बाई, पुस्तक संपलं. आता काय करू?'

यजमान जेवायला हाक मारायला आले आणि दारातूनच परत गेले. थोड्या वेळाने त्यांनी टोक काढलेल्या दोन शिसपेनी आणून टेबलावर ठेवल्या. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

बाईंनी ती वही दिवसाला एक पान या हिशेबाने तपासली. एकेक पायरी पाहिली. सगळ्या वहीत तीनच उदाहरणं चुकली होती. लाल पेन त्यांनी हातात घेतलंच नाही. प्रत्येक ओळीखाली शिसपेनीने उत्तर लिहिलं. कॉलरबद्दल लिहिलं, हाताला काय लावलं ते विचारलं, सातवं कसं सुटलं ते आणखी सोप्या रीतीने दाखवलं. बावीस वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या हाताला काय लावलं हे विचारून काय उपयोग, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण पोरीने लिहिलं होतं तेव्हा, आणि उत्तर त्याच पोरीला द्यायचं होतं. शेवटच्या ओळीपाशी त्या तीन दिवस अडल्या. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'मला ठाऊक नाही. मी यायला हवं होतं.'

वही रुमालात गुंडाळून त्यांनी मुलीच्या हाती परत पाठवली. तिच्यासारखी घडी काही जमली नाही. दुसऱ्या दिवशी तास संपेपर्यंत त्यांना धीर धरवला नाही. हजेरी घेताना तिसऱ्या बाकापाशी जाऊन हळूच विचारलं, "दिलीस?"

"दिली."

"मग?"

"घेतली. रुमालाची घडी मोडून परत घातली. वही नाही उघडली."

बाईंनी नंतर दोनदा विचारलं आणि दोनदा मुलीने मान हलवली. तिसऱ्यांदा विचारायचा त्यांना धीर झाला नाही. जाता-येताना वाट वाकडी करून दुकानावरून जावं असं फार वाटे. एकदा गेल्याही. ती टेबलाशी होती, खाटेवरच्या सासूशी काहीतरी बोलत हसत होती. बाई समोरच्या फुटपाथने तशाच पुढे निघून गेल्या.

महिनाअखेरीला बाईंचा निरोपसमारंभ झाला. मुख्याध्यापक बोलले, चित्रकलेचे मास्तर बोलता बोलता गहिवरले. कुणीतरी तो जुना तपासनिसांचा शेरा कुठूनसा शोधून आणला होता आणि मोठ्याने वाचला, 'नियमित व काळजीपूर्वक'. टाळ्या पडल्या. बाई मान खाली घालून बसल्या. लोकांना वाटलं, संकोचल्या.

मग त्या शेवटच्या वेळी आठवीच्या वर्गात गेल्या. तपासलेल्या वह्या त्यांनी एकेकाच्या हातात दिल्या, कानावरची शिसपेन काढून पिशवीत टाकली. पोरं पाया पडून, गलका करत बाहेर गेली. तिसऱ्या बाकावरची मुलगी मागे राहिली.

"बाई, आईनं अजून उघडली नाही. टेबलाखाली ठेवलीय, घडीच्या कपड्यांत."

"बरं."

"मी सांगू तिला, तुम्ही सगळ्याला उत्तर लिहिलंय म्हणून? मी बघितलंय चोरून."

"नको," बाई म्हणाल्या. "तिला हवं तेव्हा ती बघेल. आणि नाही बघितलं तर..."

मग आजीला भरवायची वेळ झाली म्हणून मुलगी दप्तर उचलून पळाली. बाई वळल्या आणि आधीच पुसलेला फळा त्यांनी पुन्हा एकदा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुसून काढला.